203 विजयांमधल्या 7 बरोबरी

जपानचे ज्यूदोपटू यासुहिरो यामाशिता यांनी ‘सलग 203 लढती जिंकल्या’ हे त्यांच्यावरील लेखातील विधान नेमके नाही. 1977 ते 1985 या काळात ते अपराजित होते आणि त्यांनी 203 विजय मिळवले हे खरे. परंतु त्याच काळात त्यांच्या 7 लढती बरोबरीतही सुटल्या. त्यांतील एक तर वगळण्याजोगी मुळीच नाही. 1980 मध्ये सुमिओ एंदो यांनी ‘कानी-बासामी’, म्हणजे दोन्ही पायांच्या कात्रीत प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडण्याचा डाव टाकला, त्यात यामाशितांच्या पायाचे हाड मोडले आणि लढत बरोबरीत सोडवण्यात आली. (महाविद्यालयात असताना मी ज्यूदो शिकलो, तेव्हा आमचे प्रशिक्षक हा डाव गंमत म्हणूनही करू देत नसत, पुढे स्पर्धांतूनही त्यावर बंदी आली.)

जपानच्या बहिष्कारामुळे त्याच वर्षीचे मॉस्को ऑलिंपिकही त्यांच्या हातून गेले. त्यामुळे 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पोटरी दुखावलेली असताना, लंगडत अंतिम फेरीत उतरून त्यांनी इजिप्तच्या मोहम्मद रश्वान यांच्याविरुद्ध मिळवलेले सुवर्णपदक मला त्या 203 च्या आकड्यापेक्षा मोठे वाटते. लेखात त्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे.