ब्रह्मकमळ फुलत नाही म्हणून घराला दोष देऊ नका

जून लागला की आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो, यंदा तर तीन जणांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: ब्रह्मकमळ हे हिमालयातलं दैवी फूल, १४ वर्षांतून एकदाच उमलतं, ते पण पुण्यवान घरात. तुमच्याकडे फुलत नसेल तर कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा कारण ते रात्रीचं झाड आहे, दर गुरुवारी दूध-साखर घाला, मोठ्या कुंडीत हलवा आणि भरपूर शेणखत द्या.

एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे सहा वर्षांचं झाड आहे, आजपर्यंत एक फूल नाही, आणि त्यांच्याकडे आलेल्या कुणीतरी हाच मेसेज दाखवून तोंडावर म्हटलं की घरात काहीतरी अडतंय बघा तुमच्या. वहिनींनी ते इतकं मनाला लावून घेतलं की झाड कुणाला तरी देऊन टाकायला निघाल्या होत्या. म्हणून लिहितोय, जरा लांबेल पण वाचा.

हिमालयातलं फूल म्हणाल तर ते वेगळंच झाड आहे. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, साडेतीन हजार मीटरच्या वर थंडीत वाढणारं. ते आपल्या सोलापुरात एक उन्हाळा काढणार नाही. आपल्या गॅलरीत जे असतं ते निवडुंग आहे, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, तिथल्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पाल्यात वाढणारं. आपण ज्याला पान म्हणतो ते पण पान नाही, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर त्याचा एक तुकडा मातीत खोचला की झाड तयार होतं, आणि म्हणूनच कळी त्या पट्टीच्या कडेच्या खाचेतून येते. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो, देवाला वाहतो, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी पण वाहतो. पण झाड कुठलं आहे ते कळल्याशिवाय त्याला काय लागतं ते कळणार नाही.

१४ वर्षांचं तर अजिबात खरं नाही. फांदीपासून लावलेलं झाड नीट सांभाळलं तर साधारण दोन-तीन वर्षांत फुलायला लागतं आणि मग दर पावसाळ्यात फुलतं, कधी कधी एकाच पावसाळ्यात दोन-तीनदा. फूल एका रात्रीचं असतं एवढं खरं, अंधार पडल्यावर उमलायला लागतं, मध्यरात्रीच्या सुमाराला पूर्ण उघडतं आणि उजाडेपर्यंत मान टाकतं.

आता ते अंधाऱ्या कोपऱ्याचं. सगळ्यात जास्त झाडं यानेच वाया जातात, मी स्वतः चार वर्षं हेच केलं. आत्याने विजापूर रोडच्या तिच्या घरून एक पट्टी दिली होती, ती हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवली. झाड मेलं नाही, उलट वाढत गेलं, पण कसं, तर दोरीसारख्या बारीक गोल काड्या, फिक्कट हिरव्या, सगळ्या खिडकीच्या ग्रिलकडे वाकलेल्या. रुंद पट्टी एकही धड नाही. फूल रात्री उमलतं ते पतंगांसाठी, रात्री उडणारे मोठे पतंग वासावर येतात आणि परागीकरण करतात, म्हणून ते पांढरं आणि एवढं घमघमणारं. पण कळी धरायला लागणारं अन्न झाड दिवसाच्या उजेडातच बनवतं, त्याला दुसरा मार्गच नाही. रात्री उमलणारं झाड अंधारात ठेवायचं हे म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला जेवायलाच न देण्यासारखं झालं.

उजेड म्हणजे आपलं एप्रिलचं ऊन पण नव्हे हां. मी चूक कळल्यावर घाईघाईत कुंडी थेट गच्चीत काढली, ४२ डिग्रीत, आणि तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर पांढरट पिवळे चट्टे पडले, ते अजून तसेच आहेत. मग पूर्वेच्या गॅलरीत आणली, सकाळचं कोवळं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत, नंतर दिवसभर नुसता उजेड. पुढच्या पावसाळ्यात दोन फुलं आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी एका रात्रीत पाच. पूर्वेची गॅलरी नसेल तर हिरव्या नेटखाली ठेवा, पण उजेडात ठेवा.

दूध-साखरेबद्दल फार बोलायला नको. दूध कुंडीत नासतं, वास येतो, चिलटं होतात, साखरेला मुंग्या लागतात. झाड आपली साखर आपण बनवतं. दूध घरातल्या लेकरांना द्या.

मोठी कुंडी आणि शेणखत हे ऐकायला बरोबर वाटतं म्हणून जास्त घातक. झाडाच्या बेचक्यात वाढणारी जात आहे, तिची मुळं थोडकी आणि वरवरची असतात, ती जरा आवळलेली असली की झाड फुलाकडे वळतं. आठ-दहा इंचाची कुंडी खूप वर्षं पुरते. मोठ्या कुंडीत, त्यात आपली काळी माती भरलेली, म्हणजे पाणी आठ-आठ दिवस खाली साठून राहणार आणि मुळं कुजणार, वरून मात्र माती भेगाळलेली दिसते म्हणून आपण अजून पाणी घालतो. काळी माती अगदी थोडी घ्या किंवा घेऊच नका, कुजलेला पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असं भुसभुशीत मिश्रण करा. शेणखत मूठभर चालतं, पण टोपलीभर शेणखत किंवा कुणी सांगितलं म्हणून युरिया घातला की नायट्रोजन जास्त होतो आणि झाड नुसतं पट्ट्याच काढत बसतं. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन चमचे बोनमील, म्हणजे हाडांचं खत, मातीत मिसळा.

मेसेजमध्ये जे नाहीच ते म्हणजे विश्रांती. दिवाळी झाली की पाणी कमी करा, संक्रांतीला भरणारी आमची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत माती चांगली सुकल्यावरच थोडंसं पाणी, खत बंद. थंडीत झाड थांबतं, तेव्हा रोज पाणी घातलं तर त्याला विश्रांती मिळत नाही आणि पुढे कळ्या कमी धरतात. संक्रांतीनंतर हळूहळू वाढवा. आणि शक्यतो बोअरचं पाणी नको, कुंडीच्या कडेला जो पांढरा थर चढतो ना तो त्या क्षारांचाच. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं त्यामुळे मला कळतंय हे सांगणं सोपं आहे, पण पावसाळ्यात गच्चीवर दोन बादल्या ठेवल्या तरी एका कुंडीला ते पाणी बरेच दिवस पुरतं.

कळी आली की पट्टीच्या खाचेत आधी तांदळाएवढा लालसर ठिपका दिसतो. मग देठ लांबत जातो, कळी खाली लोंबते, आणि उमलायच्या आधी देठ वाकून कळीचं तोंड वर येतं, हंसाने मान उचलावी तसं. ठिपका दिसल्यापासून उमलेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात आणि या दिवसांत कुंडी हलवायची नाही, फिरवायची पण नाही, माती पूर्ण सुकू द्यायची नाही. फोटो नीट यावा म्हणून लोक कुंडी हॉलमध्ये आणतात आणि दोन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळतात, मग पुन्हा घराचाच दोष.

वहिनींचं झाड आम्ही या जूनमध्ये जिन्याखालून काढून त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलं, काळी माती झटकून मिश्रण बदललं. कळी अजून नाही, मी त्यांना सांगितलंय की यंदा कदाचित येणारही नाही. पण परवा त्यांनी बोलावून दाखवलं, सहा वर्षांत पहिल्यांदा तळहाताएवढी रुंद, गडद हिरवी पट्टी आलीय.