जिवाची किंमत आणि चार लाखांचं कार्ड

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवशी इथे इंग्लंडात सकाळचे आठ वाजले होते, तिकडे डिचोलीला साडेबारा. आरती संपून पानं मांडायची गडबड चाललेली, भावानं फोन गणपतीवर फळं-पानं बांधून सजवलेल्या माटोळीसमोर धरला होता आणि मी पातोळ्या बघत बसले होते. तेवढ्यात आमचा चुलत दादा फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात आला आणि फॅमिली ग्रुपवरचा वाद परत काढला. डिचोलीच्या सरकारी हॉस्पिटलात एमआरआय मशीन पाहिजे म्हणून तो सह्या गोळा करतोय आणि मी ग्रुपवर लिहिलं होतं की आधी हिशोब तर मांडा. तर म्हणाला, "तुझं काय गो, तू तिथे बसून माणसाच्या जिवाला किंमत लावतेस, त्याचाच पगार घेतेस." सगळ्यांसमोर. आईनंही ऐकलं. आठ वाजता जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरला फोन लावायचा होता तोही राहिला.

हो, त्याचाच पगार घेते. गोवा युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र करून 2010 ला मी यॉर्कला एमएससीला आले, मग पीएचडी, मग एक ग्रँट संपायच्या आत दुसरी शोधत काढलेली वर्षं, आता लेक्चरर आहे. काम असं की नवीन औषध किंवा मशीन आलं की त्यानं माणसाला किती आयुष्य मिळतं, ते आयुष्य कसं जातं, आणि तेवढ्याच पैशांत दुसऱ्या कुणाला काय मिळालं असतं हे मोजायचं. चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, काळजी-उदासी, असे पाच प्रश्न पेशंटला विचारतात, त्या उत्तरांवरून आयुष्याच्या वर्षाला आकडा देतात, पूर्ण तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक आणि बाकी सगळं त्याच्या खाली, याला क्वाली म्हणतात. याच यॉर्कच्या अ‍ॅलन विल्यम्स यांनी 1985 मध्ये बायपासचा असा हिशोब मांडला होता. ज्याचा आजार गंभीर त्याला बायपासचा फायदा पैशांच्या मानानं भरपूर, पण त्रास सौम्य असेल तर तोच पैसा पेसमेकरला किंवा खुबा बदलायला लावलेला बरा. यात कुणाला मरू द्या असं कुठे आहे? आधी कुणाला, एवढंच आहे.

आणि इथे हे उघड्यावर होतं. सरकारी आरोग्यसेवेनं कुठल्या औषधावर पैसे घालायचे हे सांगणारी नाइस ही संस्था 1999 पासून आहे, एका क्वालीमागे 20,000 ते 30,000 पौंड ही मर्यादा कित्येक वर्षं सगळ्यांना माहीत होती, मसुदा बाहेर येतो, त्यावर कंपन्या, डॉक्टर, पेशंटांच्या संघटना सगळे लिहितात आणि जोरात भांडतात. 2006 ची स्विंडनची केस मी दरवर्षी पोरांना शिकवते. हो, तेच स्विंडन, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकारांनी भरलेलं. तिथल्या एका बाईला हर्सेप्टिन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध नाकारलं, ती कोर्टात गेली आणि अपिलात जिंकली. का जिंकली बघा, तिथली आरोग्य संस्था म्हणत होती की आम्ही पैशांकडे बघतच नाही, फक्त अपवादात्मक केसला देतो. मग पैसा आड येत नाही तर हिला का आणि तिला का नाही याला काहीच आधार उरला नाही. किंमत लावली म्हणून ते हरले नाहीत, पैशांचा विचारच नाही म्हणाले म्हणून हरले.

आता आपल्या डिचोलीचं बघू. मशीन एकदा घेऊन संपत नाही, दरवर्षी देखभालीची एएमसी लागते, टेक्निशियन लागतो, रिपोर्ट वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो, आणि बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल तासाभरावर आहे. 2023 मध्ये आयसीएमआरचा देशभरातला मधुमेहाचा अभ्यास आला त्यात गोवा सगळ्या राज्यांत वर, 26.4 टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. आमच्याच घरात मोजा. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी स्वस्त आहे, वेळच्या वेळी डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासणं स्वस्त आहे, त्यासाठी कुणी सह्या गोळा करत नाही कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. दादा, तुझी स्वतःची शुगर शेवटची कधी तपासली?

आणि किंमत लावत नाही म्हणता तर खिशातलं गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड काढून बघा. 2016 ला योजना आली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. ही किंमतच आहे की नाही? ती कशावरून काढली हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी रांगेत उभं राहून कार्ड घेतलं. मी योजनेच्या विरोधात नाही, फार लोकांना आधार झालाय. पण आकडा सरकारनं छापला की चालतो आणि मी विचारला की मी निर्दय, हे मला सहन होत नाही.

खरं सांगायचं तर त्या कार्डाचं मला दुसरंही काही सांगायचंय, दादाला ते माहीत नाही.

2016 मध्ये घरात आई, पप्पा आणि भाऊ, तिघंच. आईनं फोन केला, तुझं पण नाव घालूया, चार होतील. मी तिला झापलं. पाच वर्षं गोव्यात राहिलेलं असावं लागतं आई, मी सहा वर्षं इथे आहे, खोटं लिहायचं नाही. नियम बरोबर होता आणि मीही बरोबर होते. तिघांचं कार्ड झालं. दोन वर्षांनी पप्पांचं ऑपरेशन झालं, खर्च अडीचच्या वर गेला, वरचे मी पाठवले. कुणीच काही बोललं नाही. पण मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे मांडणारी बाई, हा आकडा मला दिसणारच की, मी घरातून गेले म्हणून घराचे वर्षाला दीड लाख कमी झाले.

बांबोळीला 2018 पासून गोव्याबाहेरच्या पेशंटांना फी लावायला लागले तेव्हा ग्रुपवर सगळे खूश होते, दोडामार्ग-सावंतवाडीचे येऊन गर्दी करतात म्हणून. मी काही लिहिलं नाही. त्या वेळी इथे व्हिसाच्या फॉर्मबरोबर मी दरवेळी हेल्थ सरचार्ज, म्हणजे बाहेरून आलेल्यांना इथल्या आरोग्यसेवेसाठी लावलेले पैसे, भरत होते, टॅक्स कापला जात होता तो वेगळाच. आता माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, सरचार्ज सुटला, आणि बांबोळीच्या काउंटरवर उद्या उभी राहिले तर मी दोडामार्गवाल्यांच्या रांगेत.

चवथीला दादा फोन परत देऊन गेल्यावर आई आली. वादाबद्दल एक शब्द नाही, जेवलीस काय विचारलं. मग हळूच म्हणाली, भावाचं लग्न झालं तेव्हा वहिनीचं नाव कार्डावर चढवायला दिलं होतं, ते झालं.

"आता आपण परत चार झालो गो."