‘इंग्लंडच्या खेड्यात भेदभावच नव्हता’ म्हणे!

ते फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल, हिरवी टेकडी, चर्चचा मनोरा आणि खाली मजकूर की राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडच्या खेड्यात उच्चनीच नव्हतं, चर्चमधे मालक-मजूर एका रांगेत, गरिबाला पॅरिश (म्हणजे चर्चभोवतीचा गावाचा हद्दीतला कारभार) सांभाळायचं आणि पाद्री म्हणजे गावाचा मायबाप. फोटो मस्तय. मजकुराचं बघू.

ती ‘एक रांग’ आधी घ्या. जोसेफ आर्च म्हणून वॉरिकशायरमधल्या बारफर्डच्या शेतमजुराचा पोरगा, पुढे १८८५ ला खासदार झाला. सातेक वर्षांचा असताना त्याने चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला, तर आत प्रभुभोजनाला (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) आधी जमीनदार, मग शेतकरी, मग दुकानदार-लोहार-सुतार आणि सगळ्यात शेवटी मजूर, त्यात त्याचा बापही, आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकायला दुसरं कुणी नाही. आपल्याकडे याला काय म्हणतात ते मी सांगायला नको. (राणी गादीवर यायच्या तीनचार वर्षं आधीची गोष्ट आहे, पण राणी आली म्हणून रांग मोडली नाही.)

पॅरिश सांभाळायचं, हो, पण आपल्या हद्दीतल्यालाच. बाहेरचा गरीब मदत मागायला लागला की त्याला त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडायचे. खर्च जमिनीवरच्या पट्टीतून निघायचा ना, म्हणून काही जमीनदारांनी मजुरांची घरंच पाडली, म्हणजे मजूर राहायचा दुसऱ्या गावात, त्याच्या मदतीचा खर्चही त्याच गावावर, आणि कामाला रोज मैलोनमैल चालत यायचा, हा बोजा १८६५ नंतर कुठे अनेक पॅरिश मिळून केलेल्या गटावर गेला. आणि गरिबांच्या मदतीबद्दलच्या १८३४ च्या कायद्यानंतर मदत म्हणजे बऱ्याचदा वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा, नवरा एकीकडे बायको दुसरीकडे. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमधे खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं भुकेने तीच कुजकी हाडं चोखत होती, १८४५ ला बाहेर आलं तेव्हा पार्लमेंटपर्यंत बोंब गेली.

राहिला मायबाप पाद्री. शाळा काढणारे, थंडीत कोळसा वाटणारे होतेच, नाही म्हणत नाही. पण १८७३ ला ऑक्सफर्डशायरच्या ॲस्कॉट-अंडर-विचवुडमधे मजुरांचा संप चालू होता, बदली कामगारांना बायकांनी अडवलं, म्हणून १६ जणींना सक्तमजुरी झाली, काहींच्या कडेवर तान्ही पोरं होती. शिक्षा देणारे मॅजिस्ट्रेट दोन, आणि दोघंही पाद्री.