ऑलीला 'बेसिक' म्हणणं आधी बंद करा

आज सकाळी परत स्केटबोर्ड उलटा फिरून नडगीवर बसला, आणि तोही बरोब्बर त्याच जागी जिथे मागच्या आठवड्याची खपली अजून सुटली नव्हती, ब्रह्मांड आठवलं. तीन महिने झाले. रोज पावणेसहाला उठून, ऑफिसच्या आधी एक तास, आणि माझी ऑली, म्हणजे बोर्डला हात न लावता बोर्डसकट मारायची उडी, अजून जमिनीपासून दोन बोटं वर जात नाहीये. आणि जो भेटतो तो म्हणतो अगं ऑली तर बेसिक आहे, पहिली ट्रिक आहे ती.

बेसिक कशाला म्हणता रे तुम्ही? ॲलन गेलफंड या स्केटरने १९७८च्या आसपास फ्लोरिडात ही उडी शोधली ती बोलमध्ये, म्हणजे वाटीसारख्या खोलगट खड्ड्यात, जिथे भिंतीचा उतारच बोर्डला वर ढकलतो. सपाट जमिनीवर ती आणायला रॉडनी मलन हा दुसरा स्केटर लागला, १९८२ उजाडलं. त्यात गेली ना चार वर्षं? आणि मला व्हिडिओवाला सांगतो पाच मिनिटांत शिका. पॉप, स्लाइड, लेव्हल, झालं. तीन शब्द सांगतो आणि स्वतः कमरेएवढा उडून दाखवतो.

मधलं खरं जे आहे ते कुणी सांगतच नाही. मी दोन महिने मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, जीव खाऊन खाली दाबत होते, कारण सगळे ओरडतात जोरात पॉप कर, म्हणजे टेल जमिनीवर आपट, जोरात पॉप कर. अरे पण पाय टेलवर दाबून ठेवला तर बोर्ड वर येणार कुठून, सगळं वजन तर त्याच्याच डोक्यावर! आधी अंगाने उडी मारायची, वजन बोर्डवरून काढायचं, त्याच क्षणी घोट्याने टेलला फटकन झटका द्यायचा आणि टेल आपटल्या आपटल्या पाय वर ओढून घ्यायचा. मग पुढचा पाय घोट्यातून आत वळवून, बुटाची बाहेरची कड ग्रिप टेपवर, म्हणजे बोर्डवरच्या खरखरीत कागदावर, घासत बोर्डच्या पुढच्या टोकाकडे न्यायची, तेव्हा कुठे मागची बाजू वर येऊन बोर्ड सरळ होतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. हे मला एका अकरावीतल्या पोराने पार्किंगमध्ये उभं राहून दहा मिनिटांत समजावलं, जे चाळीस व्हिडिओंना जमलं नाही. आणि ते गवतावर प्रॅक्टिस करा म्हणणारे वेगळेच, गवतात चाकं रुततात, बोर्ड हलत नाही म्हणून भीती जाते खरी, पण टेलला उसळीच मिळत नाही, सगळं टायमिंग चुकीचं बसतं, मग सिमेंटवर आलात की बोर्ड पायाखालून सटकतो आणि तुम्ही पाठीवर. मी पडलेय तशी, माकडहाड आठ दिवस दुखत होतं, ऑफिसच्या खुर्चीत बसवत नव्हतं.

पहिला बोर्ड घेताना दुकानदाराने "मॅडम बिगिनरला हाच चालतो" म्हणून जो गळ्यात मारला त्याचे ट्रक, म्हणजे चाकं बसवलेले आस, प्लास्टिकचे निघाले, वळायचं नावच घेत नाही. चांगल्या बोर्डचा डेक, म्हणजे उभं राहायची फळी, मेपल लाकडाच्या सात थरांचा असतो हे मला नंतर कळलं, पैसे गेल्यावर. बिगिनरला खेळणं विकायचं आणि मग म्हणायचं तुझा बॅलन्स नाही!

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते जागेवरून. मला सांगा या पुण्यात सपाट जमीन आहे कुठे? जिकडे बघावं तिकडे पेव्हर ब्लॉक. माझी चाकं ५२ मिलिमीटरची, कडक, प्रत्येक फटीत अडकतात, दात खटखटतात नुसते, त्यावर ऑली काय डोंबल मारणार. रस्त्यावर खडी, फुटपाथवर गाड्या. गुळगुळीत काँक्रीट आहे फक्त आमच्या बेसमेंटमध्ये, तिथे टेल आपटला की आवाज घुमतो, मग पहिल्या मजल्यावरच्या काकू वॉचमनकाकांना फोन करतात, आणि ते बिचारे येऊन म्हणतात, ताई मला बोलणी बसतात हो, नका खेळू. त्यांच्यावर काय चिडणार मी. आणि काकू मला लिफ्टमध्ये म्हणतात, या वयात पोरींनी हातपाय मोडून घ्यायचे असतात का. सव्वीस वर्षांची आहे मी! २०२२च्या नॅशनल गेम्समध्ये स्केटबोर्डिंगचं गोल्ड पुण्याच्याच श्रद्धा गायकवाडने काढलंय, तेव्हा सगळ्यांना अभिमान असतो, मग ती पोरगी सराव कुठे करत असेल हे कुणाच्या मनातही येत नाही का? मुंबईत निदान कार्टर रोडला स्केटपार्क तरी आहे, मी काय रोज सकाळी बांद्र्याला जाऊ?

सोसायटीत एक बॅडमिंटन कोर्ट आहे, सिमेंटचं, एकदम सपाट, वर्षभरात कुणी शटल मारलेलं मी पाहिलेलं नाही. कमिटीला रीतसर पत्र दिलं, सकाळी सहा ते सात फक्त एक तास द्या, हेल्मेट घालते, काही झालं तर माझी जबाबदारी असं सही करून देते. सव्वा महिना झाला, हो नाही काहीच उत्तर नाही. काल बघते तर त्या कोर्टवर मंडपाचे बांबू आणून टाकलेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.