मालकाचं उत्तर: स्पेसबार आमचा चुकला, ‘प’ मात्र बरोबर आहे

नमस्कार साहेब,

आमच्याकडून घेतलेल्या कीबोर्डला दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. चेरी कंपनीचे सांगून गेटेरॉनचे स्विच (प्रत्येक बटणाखालची कळ) गळ्यात मारले, निळा स्विच मागितला तर तपकिरी दिला, स्पेसबार पत्र्याच्या डब्यागत वाजतो आणि मराठी अक्षरं भलत्याच बटणांवर छापलीत. वर ‘साडेआठ हजार पाण्यात’. आमचा पोरगा म्हणाला, इथं उत्तर देऊ नका, फोन करा. दोनदा केला, लागला नाही. म्हणून इथंच लिहितोय.

स्पेसबारची चूक सरळ आमची. लांब बटण दोन्ही टोकांना सारखं खाली जावं म्हणून त्याच्याखाली स्टॅबिलायझर आणि एक तार असते. ती तार सपाट काचेवर ठेवली की एक टोक उचललंय का ते लगेच दिसतं. असलं तर वाकवून सरळ करायची, टोकांना घट्ट ग्रीस भरायचं, खडखड जाते. अर्ध्या तासाचं काम. त्या शनिवारी काउंटरवर गर्दी होती आणि ते राहिलं. माफ करा. पण तुम्ही शिलाई मशीनचं तेल घालून बघितलं असं लिहिलंय, ते आता आणखी घालू नका. पातळ तेल तारेवर टिकत नाही, ओघळून स्विचमध्ये उतरतं. बोर्ड आडवाच धरून आणा.

चेरीचं म्हणाल तर तुमचं बिल काढून बघितलं. त्यावर ‘गेटेरॉन ब्राऊन’ आहे आणि खालच्या ओळीत ‘चेरी प्रोफाइल पीबीटी’. ही दुसरी ओळ कीकॅपची, म्हणजे बटणावरच्या टोपीची; पीबीटी हे तिचं प्लास्टिक. चेरी प्रोफाइल म्हणजे कीकॅपचा घाट: बुटका, आणि प्रत्येक ओळीचा उतार वेगळा. आत स्विच कुठल्या कंपनीचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. अधिकच्या चिन्हासारखा दांडा असलेला एमएक्स स्विच चेरी या जर्मन कंपनीनं 1980 च्या दशकात आणला. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉनसारख्या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच उघडपणे स्वतःच्या नावानं विकले. त्याला डुप्लिकेट म्हणणं मला पटत नाही. लाल स्विच म्हणजे दाबताना मध्ये अडथळा न लागणारा; लाल गेटेरॉन तर मला लाल चेरीपेक्षा गुळगुळीत लागतो. पण बिलावर ‘चेरी’ वाचून कुणाचाही गैरसमज होणार, हे मान्य. आता स्विच आणि कीकॅप वेगळे मथळे घालून लिहितो.

आता निळा-तपकिरी. इथं मी जास्त चुकलोय, पण तुम्ही लिहिलंय तसा नाही. तुम्ही काउंटरवरच्या नऊ नमुना-बटणांच्या टेस्टरवर निळा दाबलात आणि म्हणालात, हाच द्या. मग बोलता बोलता कळलं की काम रात्रीचं आणि घर लहान. निळ्यातला टकटक आवाज दांड्यावरचा एक सुटा तुकडा झटक्यानं खाली जातो त्याचा असतो. तो घालवायला वंगण लावलं तर आवाजही बिघडतो आणि स्विचही. म्हणून मी टकटक न करणारा तपकिरी पुढं केला. नवीन गिऱ्हाईक दिसलं की तपकिरी, ही माझी सवयच झालीय. त्याचा अडथळा इतका बारीक असतो की मुरलेली माणसं त्याला ‘आत वाळू शिरलेला लाल’ म्हणून चिडवतात. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हाला बोटाला ठसका हवा होता. तो आवाजाशिवायही मिळतो, जास्त ठळक टॅक्टाइल (दाबताना बोटाला अडथळा जाणवणारे) स्विच असतात, ते मी दाखवलेच नाहीत.

दुसरं म्हणजे टेस्टर. त्यावर आपण एक बटण सावकाश तळापर्यंत दाबतो, 4 मिलिमीटर. टाइप करताना अक्षर निम्म्यावरच, 2 मिलिमीटरच्या आसपास उमटतं आणि बोट पुढं निघून जातं. शिवाय टेस्टरला स्विच बसवायची प्लेट नाही की बाहेरची पेटी नाही, मग बोर्डाचा आवाज त्यात कुठून येणार? टेस्टरवर मी स्वतःही निवडत नाही, तुम्हाला मात्र त्यावरच निवडायला लावलं.

तुमचा बोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच नुसते ओढून बदलता येतात, सोल्डरिंग उकलायचं काम नाही. 87 च्या 87 स्विच बदलून देतो, मजुरी नाही, वरचे पैसे नाहीत. निळेच हवेत तर निळे, घरचे काय म्हणतील ते तुम्ही बघा! फक्त आधी दुकानात तासभर बसून पूर्ण बोर्डावर दोन पानं टाइप करा. आणि घरी स्विच उपटू नका. पिन वाकली तर बटण मुकं होतं, वरून रेटलं तर खालचं सॉकेट उचकटतं.

मराठी अक्षरं चुकलेली नाहीत. तो इनस्क्रिप्ट आराखडा आहे, सरकारी मान्यतेचा, विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड घेतला की हाच येतो. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. त्यात एचवर ‘प’ असतो, जेवर ‘र’. ‘कोल्हापूर’ लिहायला के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर, म्हणजे गूळ लिहायलासुद्धा शिफ्ट दाबावी लागते. तुम्ही बहुधा इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवता, त्याला इंग्रजी अक्षरं पुरतात, मराठी छापलेली उलट घोटाळाच करणार. मराठी सेट मागितलात आणि मी ‘मराठी कसं टाइप करता’ एवढं विचारलं नाही. साधा सेट बदलून देतो. इनस्क्रिप्ट शिकायचं मनात असेल तर मात्र हाच ठेवा.

राजारामपुरीत या, सोमवार सोडून कधीही. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. बिल आणू नका, आमच्याकडं आहे. फक्त ते तेल कुठलं होतं तेवढं बाटलीवर बघून या, कशानं पुसायचं ते त्यावर ठरेल.