फिलिपी, पर्मेसस आणि खोटी सिमोइस: ही नावं गाळू नका

लॅटिन काव्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. त्यामुळे जे लिहिलं जातं ते न तपासताच पुढे पाठवलं जातं. असंच एक मत सध्या बरंच फिरतंय. ते थोडक्यात असं: रोमन कवींनी ग्रीस पाहिलाच नव्हता. ग्रीक नद्यांची आणि गावांची नावं त्यांनी पुस्तकांतून उचलली आणि वृत्त जुळवायला ओळींत बसवली. म्हणूनच व्हर्जिलला फार्सालस आणि फिलिपी या दोन रणांगणांतला फरक कळला नाही, आणि ‘एनिड’ या त्याच्या महाकाव्याचा नायक एनियास याच्या तोंडी त्याच्या काळी नसलेली गावं आली. शेवटी सल्ला असा की वाचताना ही नावं ओलांडून जावं, आणि अनुवादात तर ती गाळूनच टाकावीत.

या सल्ल्यामुळेच हे लिहावंसं वाटलं. चुकीची माहिती दुरुस्त करता येते, पण कवितेतून काढून टाकलेलं नाव वाचकापर्यंत कधीच पोहोचत नाही.

पहिला मुद्दा, ग्रीस न पाहिल्याचा. होरेस अथेन्समध्ये शिकत होता. तिथूनच तो ब्रूटसच्या सैन्यात गेला आणि इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत अधिकारी म्हणून उभा होता. तिथून ढाल टाकून पळ काढल्याचं त्याने स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय. कॅटलस इ.स.पू. ५७-५६ मध्ये बिथिनियात होता, आणि ट्रॉयच्या प्रदेशात पुरलेल्या भावाच्या कबरीवरची त्याची कविता जगप्रसिद्ध आहे. सिसेरो अथेन्स आणि ऱ्होड्स इथे शिकला. ल्युकन अथेन्समध्ये असताना नीरोने त्याला परत बोलावून घेतलं. ओव्हिडने काळ्या समुद्राकाठच्या हद्दपारीतून मित्राला लिहिलेल्या पद्यपत्रात दोघांनी मिळून केलेल्या प्रवासाची आठवण काढली आहे: आशियातली भव्य शहरं, सिसिली, एटना, हेन्नाचं सरोवर, आनापस नदीत मिसळणारी कियाने, आणि एलिसच्या नदीपासून पळत अजूनही समुद्राखालून वाहणारी ती अप्सरा. ही अप्सरा म्हणजे सिराक्यूजचा अरेथूसा झरा, आणि तिच्या मागे लागलेली नदी म्हणजे पेलोपोनीजमधली अल्फियस. ओव्हिडने जे काव्यात रंगवलं त्यातलं बरंच त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

व्हर्जिलचं ग्रीसदर्शन मात्र आयुष्याच्या अगदी अखेरचं, हे मान्य. त्याच्या प्राचीन चरित्रानुसार इ.स.पू. १९ मध्ये तो ग्रीसला गेला, मेगारा इथे आजारी पडला आणि परतल्यावर ब्रुंदिसियम बंदरात वारला. पण ग्रीक गाव पाहायला इटलीतल्या माणसाला समुद्र ओलांडावाच लागत नसे. नेपल्स, कुमे, तारेंतम, वेलिया ही सगळी ग्रीकांनी वसवलेली गावं इटलीतच होती. व्हर्जिल नेपल्समध्ये राहिला आणि ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्याच्या शेवटी त्याने ते नावानिशी नोंदवलंय, तेही शहराचं जुनं ग्रीक नाव पार्थेनोपी वापरून. तारेंतमजवळच्या गालेसस नदीकाठी भाजीपाला पिकवणारा म्हातारा आपण पाहिल्याचं तो त्याच काव्यात सांगतो. या नावांना परकी म्हणणं म्हणजे त्या काळचा इटलीचा नकाशाच न पाहणं.

दुसरा मुद्दा वृत्ताचा. इथे थोडं तथ्य आहे. सहा गणांच्या लॅटिन वृत्तात लघु-गुरूंचा हिशेब काटेकोर असतो, आणि ग्रीक नावांचे पर्यायी प्रत्यय कवीला सोयीचे पडत. थेसलीला हेमोनिया म्हणण्यात विद्वत्तेबरोबर सोयही होती. पण वृत्त फार तर नावाचं कुठलं रूप घ्यायचं ते ठरवतं. कुठली नदी घ्यायची हे वृत्त ठरवत नाही.

हेलिकॉन पर्वतावरून वाहणारी पर्मेसस आणि त्याच डोंगराच्या पायथ्याचं अस्क्रा हे खेडं घ्या. अस्क्रा हे प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडचं गाव. हेसिऑड स्वतः त्याला हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात कठीण आणि कधीच चांगलं नाही असं म्हणतो. अशा गावाला रोमन कवितेत जागा मिळाली ती केवळ त्या कवीमुळे. व्हर्जिल शेतीवरच्या काव्यात म्हणतो, मी रोमन गावांतून अस्क्राचं गाणं गातोय. म्हणजे हेसिऑडची परंपरा मी लॅटिनमध्ये आणतोय. सहाव्या गोपगीतात त्याचा कविमित्र गालस पर्मेससच्या काठी भटकत असतो. तिथून एक काव्यदेवी त्याला डोंगरावर घेऊन जाते आणि हेसिऑडचा पावा त्याच्या हाती दिला जातो. गालस हा प्रेमकवितांचा कवी. खालची नदी प्रेमकवितेची, वरचा डोंगर गंभीर काव्याचा. पुढे प्रोपर्टियस हा रोमन प्रेमकवी हेच दोन्ही शब्द उचलतो: माझ्या गाण्यांना अजून अस्क्राचे झरे ठाऊक नाहीत, प्रेमदेवाने त्यांना फक्त पर्मेससच्या पाण्यात न्हाऊ घातलंय. सम्राटाच्या विजयांवर महाकाव्य लिहायला मी अजून तयार नाही, हे त्याला सांगायचंय आणि ते त्याने एका नदीच्या नावात सांगितलंय. मराठी कवीने ‘इंद्रायणी’ म्हटलं की आपल्याला देहू-आळंदी वेगळी सांगावी लागत नाही, तितकं हे रोमन वाचकाला सहज कळत होतं.

याहून ठसठशीत पुरावा युफ्रेटीसचा आहे. नदी ग्रीसची नाही, पण ती लॅटिन कवितेत आली ग्रीक वाटेनेच. ग्रीक कवी कॅलिमॅकसने अपोलोच्या स्तोत्राच्या शेवटी असं म्हटलंय की असीरियाच्या नदीचा ओघ मोठा असतो, पण ती गाळ आणि कचराही खूप वाहून आणते. मोठाल्या, पसरट काव्यांवर ही टीका होती. ११३ ओळींच्या या स्तोत्रात हा उल्लेख येतो १०८व्या ओळीत, म्हणजे शेवटून सहाव्या. आता व्हर्जिलकडे या. ‘जॉर्जिक्स’च्या पहिल्या सर्गाच्या ५१४ ओळी आहेत आणि युफ्रेटीस येते ५०९व्या ओळीत. चौथ्या सर्गाच्या ५६६ ओळी, युफ्रेटीस ५६१व्या ओळीत. ‘एनिड’च्या आठव्या सर्गाच्या ७३१ ओळी, युफ्रेटीस ७२६व्या ओळीत. तिन्ही वेळा शेवटून सहावी ओळ. अभ्यासकांच्या हे लक्षात आलं ते १९८०च्या दशकात, म्हणजे दोन हजार वर्षांनी. शब्द कुठे ठेवायचा याचा हिशेब इतका बारीक ठेवणारा कवी नावं वृत्ताच्या भरतीला टाकत होता, हे मला मुळीच पटत नाही.

याद्यांमध्ये नुसतं पाठांतर दाखवणारे कवीही होते, हे खरं आहे, आणि रोमनांनाच त्याचा कंटाळा आला होता. काव्यात उगीच नदीचं वर्णन घुसडणाऱ्यांना होरेसने टोकलंय. पण चांगल्या कवीच्या हातात यादीही जिवंत राहते. सूर्यरथ भरकटल्यावर आटलेल्या नद्यांची ओव्हिडची यादी लांबलचक आहे, आपली गंगाही तिच्यात आहे. त्यात ट्रॉयच्या झांथस नदीजवळ तो फक्त एक विशेषण जोडतो: ‘पुन्हा जळायची असलेली’. पुढे ट्रॉयच्या युद्धात अग्निदेव हीच नदी पेटवणार आहे, हा होमरमधला प्रसंग. यादी वाचताना डुलकी लागलेल्याला ते दिसत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त पुढे पाठवला जातो: फार्सालस आणि फिलिपी. फार्सालस थेसलीत. तिथे इ.स.पू. ४८ मध्ये सीझरने पॉम्पीला हरवलं. फिलिपी पूर्व मॅसिडोनियात. तिथे इ.स.पू. ४२ मध्ये ब्रूटस आणि कॅसियस हरले. दोन्ही जागांत सरळ रेषेतही २०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. व्हर्जिल लिहितो की फिलिपीने रोमन सैन्यांना पुन्हा एकमेकांवर तुटून पडताना पाहिलं, आणि एमाथिया व हेमसची मैदानं दोनदा आमच्या रक्ताने माजावीत हे देवांना अनुचित वाटलं नाही. यावरून निष्कर्ष काढला जातो की त्याला दोन्ही लढाया एकाच गावात झाल्या असं वाटत होतं.

फिलिपीच्या वेळी व्हर्जिल २८ वर्षांचा होता. त्याचा मित्र होरेस त्या रणांगणावर होता. त्या लढाईनंतर विजयी सैनिकांना जमिनी देण्यासाठी क्रेमोना आणि मांतुआ भागातल्या शेतकऱ्यांची शेतं काढून घेतली गेली, आणि मांतुआ हा व्हर्जिलचा मुलूख. त्या उद्ध्वस्तपणाचं दुःख त्याच्या पहिल्या आणि नवव्या गोपगीतात आहे. ज्या लढाईची किंमत आपल्या शेजाऱ्यांना मोजावी लागली, ती कुठे झाली हे या माणसाला ठाऊक नव्हतं असं म्हणायला धाडस लागतं.

ओळ नीट वाचली तर अडचणच राहत नाही. ‘पुन्हा’ हा शब्द सैन्यांच्या भिडण्याला लागतो. रोमन रोमनांशी पुन्हा भिडले, आणि हा दुसरा प्रसंग फिलिपीने पाहिला. ‘दोनदा’ हा शब्द एमाथियाला लागतो. एमाथिया हे मूळचं मॅसिडोनियाच्या एका भागाचं नाव, कवींनी ते ऐसपैस वापरलं, आणि त्या काळी थेसलीचा कारभारही रोमच्या मॅसिडोनिया प्रांतातूनच चालत असे. या मोठ्या नावाखाली दोन्ही रणांगणं येतात. जवळचं नाव एक लढाई दाखवतं, दूरचं नाव दोन्ही लढायांना एकाच जमिनीवर आणतं. पुढच्याच ओळींत तिथला शेतकरी नांगरताना गंजलेले भाले आणि रिकामी शिरस्त्राणं उकरून काढतो आणि उघड्या पडलेल्या प्रचंड हाडांकडे थक्क होऊन पाहतो. दोन लढाया एका शेतात आणल्याशिवाय हे चित्र उभं राहिलं नसतं. ओव्हिड आणि ल्युकन यांनी नंतर हीच जोडणी जाणून पुढे नेली. ल्युकनचं काव्य सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवी युद्धावर आहे, फार्सालसची लढाई त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि पहिल्याच ओळीत तो ‘एमाथियाची मैदानं’ म्हणतो.

चौथा मुद्दा कालविपर्यासाचा. तो खरा आहे, आणि त्यात नवं काही नाही. ऑगस्टसच्या काळातल्या हिगिनस या विद्वानाने वेलिया बंदराच्या उल्लेखावर हाच आक्षेप घेतला होता: एनियास इटलीत आला त्यानंतर सहाशेहून जास्त वर्षांनी वसलेल्या गावाचं नाव एनियासचा सुकाणूधारी पालिनूरस याला कसं ठाऊक? आउलस गेलियसने हे नोंदवून ठेवलंय. पुढे घडणारं कवीने स्वतःच्या तोंडून सांगितलं तर चालेल, पात्राच्या तोंडून नको, इतका बारीक भेदही हिगिनसने केलाय. सिसिलीच्या किनाऱ्यालाही हाच आक्षेप लागू पडतो. एनियास कामारिना, गेला, अक्रागास, सेलिनस ही नावं घेतो आणि ही सगळी गावं ग्रीकांनी इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत वसवलेली.

पण यावरून कवीचं अज्ञान सिद्ध होत नाही. क्रम पाहा. सिराक्यूजसमोरचं ऑर्टिजिया, मग दक्षिणेला हेलोरस, पाकिनसचं टोक, तिथून वळून कामारिना, गेला, अक्रागास, सेलिनस, लिलिबियम, द्रेपानम. किनारा असाच लागतो. तपशीलही नेमके आहेत. नदीवरून नाव पडलेली गेला. दलदल हलवू नये अशी देववाणी झालेली कामारिना. लोकांनी ती बुजवली आणि त्याच कोरड्या वाटेने शत्रू आत आला, अशी तिची कथा.

आणि हे एनियास कुणाला सांगतोय? कार्थेजची राणी दिदोला. कामारिनाजवळ इ.स.पू. २५५ मध्ये वादळात रोमचं जवळजवळ सगळं आरमार बुडालं. अक्रागासला रोमने इ.स.पू. २६२ मध्ये वेढा घातला. लिलिबियमचा वेढा वर्षानुवर्षं चालला. द्रेपानमला इ.स.पू. २४९ मध्ये रोमचं आरमार कार्थेजकडून हरलं, आणि ‘एनिड’मध्ये एनियासचा बाप नेमका द्रेपानमलाच मरतो. पहिल्या प्युनिक युद्धाचा, म्हणजे रोम आणि कार्थेज यांच्यातल्या पहिल्या युद्धाचा, हा सगळा किनारा रोमचा मूळपुरुष कार्थेजच्या राणीपुढे एकेक नाव घेत उलगडतो. हे माझं वाचन आहे, दुसऱ्याचं वेगळं असू शकेल. पण काळाची शिस्त मोडून कवीने इथे काय मिळवलं हे मला तरी स्पष्ट दिसतं.

आता तो सल्ला. नावं गाळून ‘एनिड’चा तिसरा सर्ग वाचून पाहा. एनियास आजच्या अल्बानियातल्या बुथ्रोतमला पोहोचतो. रोमन वाचकाला हे गाव चांगलं माहीत होतं. सिसेरोचा मित्र अॅटिकस याची त्या भागात जमीन होती आणि गावकऱ्यांच्या जमिनी वाचाव्यात म्हणून सिसेरोने पत्रांतून खटपट केली होती. तिथे हेक्टरची विधवा आंद्रोमाकी गावाबाहेरच्या राईत, ‘खोट्या सिमोइस’च्या काठी, नवऱ्याच्या रिकाम्या समाधीला अर्घ्य देत असते. पुढे एनियासला लहानसं ट्रॉय दिसतं, मोठ्याची नक्कल केलेला कोट दिसतो, आणि ‘झांथस’ नावाचा एक कोरडा ओहोळ. होमरच्या महाकाव्यात याच दोन नद्यांच्या मधल्या मैदानात माणसं मेली. निर्वासितांनी त्यांची नावं बरोबर आणली, पाणी आणता आलं नाही. अनुवादात ‘एका ओढ्याच्या काठी’ असं लिहिलं तर आंद्रोमाकी नुसती ओढ्याकाठी रडणारी बाई होते. ‘खोटी’ हे विशेषण लावायलाही मग काही उरत नाही.

‘जॉर्जिक्स’च्या तिसऱ्या सर्गातही हेच घडेल. तिथे व्हर्जिल म्हणतो की मी काव्यदेवींना ग्रीसच्या डोंगरावरून मांतुआला आणीन, मिंकियसच्या काठी मंदिर बांधीन, आणि सगळा ग्रीस अल्फियस सोडून माझ्या खेळांना येईल. अल्फियस म्हणजे ऑलिंपियाची नदी, मिंकियस त्याच्या घरची. त्याच्या साऱ्या महत्त्वाकांक्षेचा आवाका या दोन नद्यांमध्ये आहे. अल्फियस गाळली, तर ग्रीसने नेमकं काय सोडून यावं अशी त्याची इच्छा होती, हेच वाचकाला कळणार नाही.