थकलेलं पोर सरांना काय सांगतं?

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय: धावणाऱ्या मुलांचा थकवा, ताण गणिताने मोजायचा का? "कविता राऊत सावरपाड्यातून आली, २०१०च्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं ब्राँझ घेतलं. तिला कुठे लागलं मॉडेल?" हे वाचलं की डोकं फिरतं. पोहोचली ती दिसते. टाच धरून मैदान सोडलेल्यांची मोजदाद कोणी केली?

आणि हे गणित तरी केवढं! सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारा, शून्य ते दहात किती दमलास? त्याला मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं, दमणूक ७, भार ४२०. सोमवार ते शनिवार रोज ४२०, रविवारी सुट्टी, म्हणजे सरासरी ३६०. तिला एक्सेलमधल्या प्रमाण विचलनाने (रोजचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारा आकडा), म्हणजे १५९ने, भागा. सव्वादोन. हा एकसुरीपणा, दोनच्या वर गेला की सावध व्हायचं, कारण आठवड्यात हलका दिवसच नाही. आता तेवढीच बेरीज ६००, २००, ५००, २००, ६००, ४२०, ० अशी मांडा. आकडा दीडवर येतो. घाम तेवढाच गळतो.

सकाळी चार प्रश्न: झोप, थकवा, अंगदुखी, ताण; प्रत्येकी एक ते सात. तुलना त्या मुलाच्याच मागच्या चार आठवड्यांशी, शेजारच्याच्या पोराशी नव्हे.

बिघडतं ते उत्तरात. मी राहते त्या नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये मुलांच्या अकराव्या वर्षापर्यंत निकालाची यादीच लागत नाही. डुग्नाडला, म्हणजे क्लबच्या श्रमदानाला, आलेले पालकही नंबर विचारत नाहीत. पोरगी कोचला तोंडावर सांगते, आज पाय जड आहेत. आपल्याकडे शनिवारी निवड असली की दमणूक आठ असली तरी पोर तीन सांगतं. म्हणून या उत्तरांची वही निवड करणाऱ्याच्या हाती देऊच नका. आणि महिनाभर रोज तोच आकडा दिसला तर समजा, पोर घाबरलंय.

"लांबून बोलणं सोपं," असं कोणीतरी लिहीलच. लिहू दे. इथल्या पोरांकडे बघायला माणसं आहेत. माझा जीव तुटतो तो नाशिकच्या गंगापूर रोडला पहाटे धावणाऱ्यांसाठी, म्हणून तर हा ग्रुप सोडवत नाही.

अजून एक. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. दोन सेंटीमीटरहून जास्त वाढली असेल तर हाडं ताणात असतात. टाच, गुडघ्याखालचा उंचवटा तेव्हाच दुखतो. त्या काळात उड्या आणि स्प्रिंट कमी करा, जिल्हा स्पर्धा तोंडावर असली तरी.